गरिबी आणि व्यवस्थेतले अडथळे शिकवायला वर्गात भूमिका-खेळ घ्यायचा आहे. आखणी कशी करावी?

सातवी_घंटा

नमस्कार मंडळी. १४-१५ वर्षांच्या ४० मुलामुलींसाठी गरिबीवर भूमिका-खेळ घ्यायचा आहे. लागोपाठचे दोन तास म्हणजे ९० मिनिटं, एक मोकळं सभागृह आणि माझ्याशिवाय तीन मोठी माणसं, एवढी सोय आहे. ‘गरिबी म्हणजे पैसे नसणं’ यापुढे मुलांना नेता यावं, एवढीच अपेक्षा. नियम, वेळा, कागदपत्रं, अंतर यांचा फास कसा बसतो ते त्यांना दिसायला हवं.

अडचणी अशा: कुटुंबं किती करावीत आणि कुणाला कुठे बसवावं? पैशांचे आकडे कसे ठरवावेत? आणि वर्गातल्या काही मुलांच्या घरी खरोखरच ओढाताण आहे, त्यांचं काय करायचं? सगळा प्रकार हसण्यावारी जाईल, ही धास्ती तर आहेच.

वर्गाबाहेर

चांगला विषय घेतलात. या प्रकारच्या खेळांचा सगळ्यात प्रचलित नमुना अमेरिकेतल्या मिसुरी कम्युनिटी ॲक्शन नेटवर्कचा आहे. त्यात १५ मिनिटांचा एक ‘आठवडा’ आणि असे चार आठवडे मिळून एक महिना होतो. कुटुंबं सभागृहाच्या मधोमध बसतात आणि कडेने कार्यालयं, दुकानं, बँक वगैरे टेबलं असतात. तो पूर्ण संच मोठ्या गटासाठी आणि दोन-तीन तासांसाठी आहे. सांगाडा तोच ठेवून ९० मिनिटांत असं बसवता येईल:

ओळख आणि नियम १२ मिनिटं. चार आठवडे प्रत्येकी १० मिनिटं. मधल्या तीन विश्रांती ३-३ मिनिटांच्या (यात फक्त हिशेब लिहायचा, फिरायचं नाही). उरलेली २९ मिनिटं चर्चेला. चर्चेतून मिनिटं कापून खेळाला देऊ नका. तशी वेळ आलीच तर चौथा आठवडा सोडा.

मुलांची वाटणी: ८ कुटुंबांत २८ जण (एक पाच जणांचं, चार चौघांची, एक तिघांचं, दोन दोघांची). टेबलं ८: काम, दुकान, घरमालक, मदत कार्यालय, बँक, सावकार, दवाखाना, शाळा. यातल्या काम, मदत कार्यालय आणि सावकार या तीन जागी मोठी माणसं बसवा, बाकी पाच ठिकाणी विद्यार्थी. उरले सात: दोघं तिकीट विकायला, एक घंटा वाजवायला, चार निरीक्षक.

आता आकडे. खऱ्या चलनाचे आकडे घेऊ नका, ‘टोकन’ म्हणा. खरे भाव घातले की अर्धा वेळ ‘एवढ्यात हे मिळतं का’ यावर वाद होतो. चौघांच्या एका कुटुंबाचा नमुना देतो. आई कमावती, आजी आजारी आणि एकटी बाहेर जाऊ न शकणारी, १४ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी.

आठवड्याची मजुरी ८०. सुरुवातीला हातात १२. आठवड्याचा खर्च: घरभाडं ३०, किराणा ३५, प्रवासाची सहा तिकिटं प्रत्येकी २ प्रमाणे १२, वीज-पाणी ६, आजीचं औषध ८. एकूण ९१. महिन्याचा खर्च ३६४, हाती येणार ३३२, तूट ३२.

ही तूट साधारण नऊ टक्के आहे आणि ती जाणूनबुजून तेवढीच ठेवलेली आहे. तूट चाळीस टक्क्यांवर नेली तर पोरं पहिल्याच आठवड्यात हात टेकतात आणि थट्टा सुरू होते. शून्यावर आणली तर ती ‘जिंकतात’. दहाच्या आसपास असली की शेवटपर्यंत जमेलसं वाटत राहतं, आणि जमत नाही.

दुसरी खुबी अशी. महिन्याचा किराणा एकदम घेतला तर १४० ऐवजी १२०. भाडं एकरकमी दिलं तर १२० ऐवजी १०८. दोन्हींची बचत मिळून ३२. म्हणजे या कुटुंबाला जेवढे कमी पडतात तेवढेच एकरकमी पैसे भरणाऱ्याचे वाचतात. शेजारच्या सुस्थितीतल्या कुटुंबाला (तेवढीच माणसं, मजुरी १६०, हातात ३००, बँकेत खातं) ही सवलत पहिल्याच मिनिटाला मिळते. चर्चेत दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही. स्वस्तात घ्यायला आधी पैसे लागतात, हे मुलंच सांगतात.

आठ कुटुंबांपैकी पाच तुटीत, दोन जेमतेम, एक सुस्थितीत, अशी विभागणी ठेवा. सगळीच तुटीत असली तर तुलना कशाशी करणार?

साहित्य: टोकन १ ची १००, ५ ची १००, १० ची १२०, वेगवेगळ्या रंगांच्या कागदावर. प्रवासाची तिकिटं २२०. कुटुंबाची पाकिटं ८ (ओळखपत्रं, हिशेबाचा तक्ता, माणसांची ओळख). मदतीचे अर्ज ३०. टेबलांवर पाट्या, त्यावर उघडण्याच्या वेळा. घंटा. दुकानाजवळ १ ची किमान ४० टोकन आधीच द्या. सुट्ट्यावाचून दुकान अडलं की रांग थेट सभागृहाच्या दारापर्यंत जाते.

मोजपट्टी

वरचा आराखडा चांगला आहे, पण खेळ छापायला घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. अशा खेळांचा परिणाम उलटाही होतो.

‘स्पेंट’ नावाचा ऑनलाइन खेळ २०११ मध्ये आला. अर्बन मिनिस्ट्रीज ऑफ डरहॅम या संस्थेसाठी मॅकिनी या जाहिरात कंपनीने तो केला होता. हातात १,००० डॉलर, आणि महिना काढायचा. येल विद्यापीठातल्या जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडिओ यांनी त्याचा परिणाम तपासला, तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळल्यामुळे गरिबांबद्दलचं मत सुधारेल ही अपेक्षा फोल ठरली, काहींच्या बाबतीत तर मत आणखी प्रतिकूल झालं. कारण विचार करण्याजोगं आहे. खेळात प्रत्येक पायरीला निवड तुमच्या हातात असते. नीट निवड केली की महिना निघतो. मग मनात काय बसतं? गरिबी ही निवडीवर अवलंबून आहे, मला जमलं तर त्यांनाही जमायला हवं.

वर्गातल्या खेळातही हाच खड्डा असतो. तुम्ही मुलांना ‘औषध घ्यायचं की भाडं भरायचं’ एवढंच विचारत राहिलात तर चर्चेत पहिलं वाक्य येईल, ‘त्यांनी नियोजन चुकवलं.’ म्हणून अडचणींचा भर निवडीवर ठेवू नका, बंद दारांवर ठेवा. खेळाडूने सगळं बरोबर केलं तरी काम होत नाही, असे दोन-तीन प्रसंग खेळात पक्के बसवलेले हवेत.

उदाहरण म्हणून मदत कार्यालय घ्या. महिन्याला ४० टोकनांची मदत मिळते, म्हणजे वरच्या कुटुंबाची ३२ ची तूट भरून निघेल. मदत आहे, पुरेशी आहे. आता वेळा बघा. १० मिनिटांच्या आठवड्यात काम दुसऱ्या मिनिटापासून आठव्यापर्यंत. कार्यालय तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत. अर्जावर कमावत्या व्यक्तीची सही समक्ष हवी. सोबत दोन कागद: मालकाची मजुरीची चिठ्ठी (मजुरीबरोबर, आठव्या मिनिटाला मिळते) आणि घरमालकाचा राहण्याचा दाखला (त्या आठवड्याचं भाडं भरल्यावरच). दोन्ही कागद हातात येतात तेव्हा कार्यालय बंद झालेलं असतं. पुढच्या आठवड्यात जायचं तर कामावरून मधेच उठावं लागतं, आणि उठलं की अर्धी मजुरी कापली जाते. अर्धी मजुरी म्हणजे ४०. मिळणारी मदतही ४०. वर दोन टोकनांचं तिकीट.

आणखी एक लहानशी खोच: दोन कुटुंबांच्या ओळखपत्रावर आणि मजुरीच्या चिठ्ठीवर नावातलं एक अक्षर वेगळं छापा. एका कागदावर ‘सरिता’, दुसऱ्यावर ‘सरीता’. कार्यालयाने तेवढ्यावरून अर्ज परत करायचा, आवाज न चढवता, नम्रपणे. नम्रपणे हे महत्त्वाचं. कारकून खेकसला की मुलं म्हणतात, माणूस वाईट होता. कारकून सज्जन असूनही अर्ज परत आला, की नियमाकडे बघावं लागतं.

बँकेचंही तसंच. बँक ५० टोकन देते आणि महिनाअखेर ५२ घेते, पण आधी खातं हवं, खात्याला राहण्याचा दाखला हवा आणि भाडं थकलं असेल तर घरमालक दाखला देत नाही. सावकार काहीच मागत नाही. ५० देतो, पुढच्या आठवड्याला ६० घेतो. न फेडता पुढे ढकललं तर ६० चे ७२, मग ८६, चौथ्या आठवड्याअखेर १०४ च्या आसपास. हा तक्ता आधी फळ्यावर लावू नका. तिसऱ्या आठवड्यात सावकार स्वतःच वही दाखवेल.

टेबलखुर्ची

टेबलांवर बसणाऱ्यांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, आणि खेळ बिघडतो तो बहुतेक तिथेच. काही ठळक बिघाड आणि त्यांची कारणं सांगते.

सत्ता डोक्यात जाते. टेबलावरच्या विद्यार्थ्याला कागदावर नेमके नियम दिले नाहीत तर तो मनाने नियम करतो आणि मित्रांना सूट देतो किंवा विनाकारण हाकलतो. प्रत्येक टेबलाला अर्ध्या पानाची सूचना हवी: कधी उघडं, काय मागायचं, काय द्यायचं, काय बोलायचं. ‘काय बोलायचं’ हे तर वाक्यच लिहून द्या. उदाहरणार्थ, “हा कागद अपुरा आहे, पूर्ण करून आणा.” याच्या पलीकडे शब्द नको.

कामाच्या टेबलावर कुणी काम करत नाही. नुसतं बसवलं तर कमावती मंडळी गप्पा मारतात आणि सहा मिनिटं मजेत जातात. खरं कंटाळवाणं काम द्या. एक पान मजकूर, त्यातलं प्रत्येक ‘त’ गोल करायचं, मालक मोजणार. पान अपुरं असेल तर मजुरीतून १० कापायचे. शाळेच्या टेबलावर तसाच गणिताचा कागद, पहिल्या मिनिटापासून सहाव्यापर्यंत. शाळेची हजेरी लिहायची. चौदा वर्षांच्या मुलाला आजीसोबत दवाखान्यात पाठवलं की त्याची हजेरी बुडते, ही नोंद पुढे कामाला येते.

चोरी. कुणीतरी टोकन पळवणारच. आधीच ठरवून ठेवा. सोपा मार्ग म्हणजे चोरी नियमाबाहेर, तसं झालं तर टोकन परत आणि खेळ पुढे. चोरी, पोलीस, तुरुंग हे सगळं आत घेतलं की मुलांना तोच भाग आवडतो, आणि ‘गरीब म्हणजे चोर’ हे चित्र वर्गातून बाहेर पडतं. मला ते अजिबात पटत नाही, काही मूळ संचांत असलं तरी.

सगळे एकदम किराण्याला धावतात. मजुरी आठव्या मिनिटाला, आठवडा संपतो दहाव्याला. दोन मिनिटांत दुकान, घरमालक, दवाखाना. हे जाचक आहे आणि तसंच असू द्या, पण दुकानदार चटपटीत हवा. नाहीतर रांगेतल्यांना वाटतं दुकानदारच ढिला आहे. किराण्याची पाकिटं आधीच बांधलेली ठेवा, ३५ चं एक आणि १२० चं एक.

अचानक संकटाच्या चिठ्ठ्या. बरेच जण फाशासारख्या चिठ्ठ्या काढायला लावतात. कुणाला अपघात, कुणाला बक्षीस. मग निष्कर्ष निघतो, ‘नशीब!’ त्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात आठही कुटुंबांना एकच चिठ्ठी द्या: घरात एकाला दुखापत, दवाखान्याचे १५ टोकन याच आठवड्यात. सुस्थितीतलं कुटुंब पैसे देऊन मोकळं होतं. तुटीतल्या कुटुंबात त्याच १५ मुळे सावकार येतो किंवा भाडं थकतं, भाडं थकलं की दाखला नाही, दाखला नाही म्हणजे अर्जही नाही. धक्का सगळ्यांना सारखाच बसतो, सावरणं मात्र सारखं नसतं.

वेशभूषा, फाटके कपडे, बोलण्याची ढब, यातलं काही नको. कार्डांवर कोणत्याही समाजगटाकडे बोट जाईल असं आडनाव नको. फक्त पहिली नावं.

कडेची_खुर्ची

ज्या मुलांच्या घरी खरी ओढाताण आहे त्यांच्याबद्दल. हा प्रश्न शेवटी नको होता, पहिला हवा होता.

खेळ त्यांच्यासाठी आखला जात नाही, असं बहुतेक वेळा होतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांना कळावं म्हणून ज्यांना माहीत आहे त्यांनी बसून बघायचं. एका ओळीत उभं करून ‘घरी स्वतंत्र खोली असेल तर एक पाऊल पुढे’ असला प्रकार तर टाळाच. मागे राहिलेली मुलं सगळ्या वर्गासमोर उभी राहतात आणि पुढच्यांना धडा मिळतो. हा सौदा कुणी मागितलेला नाही.

काय करता येतं? दोन दिवस आधी सगळ्यांना लेखी कळवा की खेळात आजार, कर्ज, भाडं थकणं, घर सोडावं लागणं असे प्रसंग येतील. ज्याला कुटुंबात बसायचं नसेल त्याने कारण न देता निरीक्षक, तिकीट किंवा घंटा ही जागा मागावी. या जागा आधीपासून आखणीत असल्यामुळे ती ‘सुटका’ दिसत नाही. भूमिका वाटताना चिठ्ठ्या उडवू नका, पाकिटं तुम्ही ठरवा. खऱ्या आयुष्याशी जुळणारं कार्ड त्याच मुलाच्या हाती पडणार नाही, एवढं तरी आपल्या हातात असतं. मात्र अशा मुलांना सरसकट सुस्थितीतल्या कुटुंबातही बसवू नका, ते त्यांच्या लगेच लक्षात येतं.

चर्चेत ‘तुमच्या घरी कधी असं झालंय का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकावं, आभार मानावेत, आणि संभाषण पुन्हा कार्डावरच्या कुटुंबाकडे न्यावं. बोलताना नेहमी ‘हे कुटुंब’ म्हणा, ‘आपण गरीब होतो तेव्हा’ असं नको. चाळीस मिनिटांत कुणी गरीब होत नाही. सुरुवातीलाच तसं स्पष्ट सांगा: खेळ थांबला की तुम्ही उठून जाणार आहात, खऱ्या परिस्थितीतून असं उठता येत नाही, म्हणून ‘आता मला कळलं’ असं कुणी म्हणू नये. कळतो तो एखादा नियम कसा चालतो एवढाच भाग, आणि तेवढा पुरे.

मध्येच कुणी रडलं, चिडलं, बाहेर गेलं तर एक मोठं माणूस मोकळं हवं. तीन मोठी माणसं टेबलांवर अडकलेली असतील तर ते तुम्हीच. म्हणून तुम्ही स्वतः कोणतंही टेबल घेऊ नका.

सातवी_घंटा

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. दोन शंका. २९ मिनिटांच्या चर्चेत नेमकं काय करायचं? आणि ‘आमचे तर पैसे उरले’ म्हणणारं एखादं कुटुंब निघतंच, त्यांना काय सांगायचं?

वर्गाबाहेर

दुसरं आधी घेतो. पैसे उरलेल्या कुटुंबाला काही सांगू नका, त्यांची वही वाचायला लावा. औषध किती आठवडे घेतलं? मुलांची हजेरी किती? जेवण किती वेळा सोडलं? ८ टोकनांचं औषध चारही आठवडे टाळलं तर ३२ वाचतात, म्हणजे (दुखापतीचे १५ सोडून) मूळ तूट बरोबर भरते. ती आजीच्या तब्येतीतून भरली गेली, हे तक्त्यात दिसलं पाहिजे. म्हणूनच हिशेबाच्या तक्त्यात पैशांशिवाय दोन रकाने हवेत: तब्येत आणि शाळा.

याला आधारही आहे. जागतिक बहुआयामी गरिबी निर्देशांक २०१० पासून काढला जातो, त्यात उत्पन्न मोजतच नाहीत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान ही तीन अंगं, त्यांचे मिळून १० निकष: पोषण, बालमृत्यू, शाळेची वर्षं, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, वीज, घर, मालमत्ता. तिन्ही अंगांना सारखं वजन, आणि एकूण वजनाच्या एक तृतीयांश किंवा जास्त वंचना असलेलं कुटुंब गरीब धरलं जातं. खेळाच्या शेवटी टोकन मोजून क्रमांक लावण्याऐवजी याच धर्तीवर एक साधी पट्टी करा.

चर्चेबद्दल मोजपट्टी यांनी लिहावं, त्यांचा हात चांगला आहे.

मोजपट्टी

चर्चेचा क्रम सांभाळा, एवढंच. पहिली ४-५ मिनिटं फक्त काय घडलं: कुणाचं भाडं थकलं, किती अर्ज गेले, किती मंजूर झाले. फळ्यावर आकडे. मग दोन-तीन मिनिटं कसं वाटलं. यात अडकून पडू नका. ‘वाईट वाटलं’ इथेच तास संपला तर हाती दया लागते, समज नाही.

त्यानंतर खरा भाग, निदान १२ मिनिटं. प्रत्येक कुटुंबाने एकच गोष्ट सांगायची: कोणत्या नियमाने अडवलं? ‘सावकार वाईट’ असं उत्तर आलं तर विचारा, त्याच्याकडे जावं का लागलं? बँक का चालली नाही? दाखला का मिळाला नाही? मागे मागे जात राहा, तोवर फळ्यावर बाणांची साखळी तयार होते. मग विचारा, हा नियम कुणी केला आणि कशासाठी केला असेल? इथे प्रामाणिक राहा. दाखला मागणं, समक्ष सही मागणं याला कारणं असतात, खोट्या अर्जांना आळा घालायचा असतो. ते मुलांना सांगितलं नाही तर अडवणारा म्हणजे दुष्ट असा भाबडा निष्कर्ष निघतो.

इथे चार निरीक्षकांना बोलवा. त्यांच्याकडे दोन-दोन कुटुंबं द्यायची आणि कागदावर तीनच नोंदी करायला सांगायच्या: दार किती वेळा बंद मिळालं, रांगेत किती मिनिटं गेली, कोणता कागद नव्हता म्हणून परत यावं लागलं. स्पेंटच्या अभ्यासात खेळ नुसता पाहणाऱ्यांवर तसा उलटा परिणाम दिसला नव्हता, म्हणून निरीक्षक हे शोभेचं पद समजू नका. खेळणाऱ्याला आपली निवड दिसते, पाहणाऱ्याला दार दिसतं.

शेवटची सात-आठ मिनिटं आणि जमल्यास दुसऱ्या दिवशीचा एक तास: नियम बदलायचा. वर्गाने मत देऊन एकच नियम निवडायचा, उदाहरणार्थ मदत कार्यालय दहाव्या मिनिटापर्यंत उघडं. मग दुसऱ्या दिवशीच्या तासात एक आठवडा पुन्हा खेळायचा, तीच कुटुंबं, तेच आकडे. मंजूर अर्जांची संख्या आधीच्या संख्येशेजारी लिहायची. माणसं तीच, मेहनत तेवढीच, नियम एक बदलला, तर फरक किती? हा भाग वेळेअभावी गाळला जातो आणि मग मुलांच्या मनात हतबलता उरते.

परिणाम मोजायचा असेल तर खेळाच्या आठवडाभर आधी, दुसऱ्या दिवशी आणि महिन्याने एकच प्रश्न द्या: ‘कष्ट करूनही एखाद्या कुटुंबाची परिस्थिती सुधारत नाही, याची तीन कारणं लिहा.’ नाव नको, खूण पुरे. कारणांचे दोन ढीग करा, माणसाशी संबंधित आणि नियम-व्यवस्थेशी संबंधित. गुण देऊ नका. गुण दिले की मुलं तुम्हाला हवं ते लिहितात.

टेबलखुर्ची

कधी एकच तास मिळाला तर पर्याय: आर. गॅरी शर्ट्स यांचा ‘स्टारपॉवर’, १९६९ चा. रंगीत सोंगट्यांची अदलाबदल, तीन गट, आणि वरच्या गटाला पुढचे नियम ठरवायचा अधिकार. सोंगट्या सुरुवातीलाच असमान वाटलेल्या असतात, हे खेळाडूंना माहीत नसतं. कागदपत्रं, टेबलं काही लागत नाही. पण त्यात गरिबीचं दैनंदिन गणित नाही, सत्ता आणि नियम एवढंच आहे. आणि तो खेळ तापतो. खालचा गट खरोखर चिडतो, वरचा गट खरोखर निर्लज्ज होतो. लगेच चर्चा न करता सुट्टी दिलीत तर भांडण मैदानात जातं.

सातवी_घंटा

अजून एक. तुकड्या दोन आहेत. पहिलीने खेळल्यावर दुसरीला सगळं कळणार, कार्यालयाची वेळ, एका अक्षराची खोच, सगळंच. मग दुसऱ्या तुकडीत दम राहील का?

टेबलखुर्ची

राहतो. उलट तो प्रयोग म्हणून वापरा. वेळा आणि खोच बदलू नका, सगळं माहीत असलं तरी चालतं. कागद आठव्या मिनिटालाच मिळतो आणि दार सहाव्यालाच बंद होतं, माहिती असून काय करणार? पहिल्या आठवड्यात हुशारी दाखवून कुणी कामावर न जाता थेट कार्यालयात जाईल, तर मजुरीची चिठ्ठीच नसेल. फक्त दोन गोष्टी बदला. पाकिटांवरची नावं, म्हणजे ‘तुला तीच आजी मिळाली’ असली चिडवाचिडवी टळेल. आणि टोकनांचा कागद. पहिल्या तुकडीची टोकनं खिशातून दुसऱ्या तुकडीत येतात, रंग तोच असला तर तुमची तूट बघता बघता भरून निघेल.